खोटं नाव लिहू नका गुरुजी, ती जागा रिकामी राहू द्या

वाचकाचं पत्र (थोडं संक्षिप्त करून):

ताई, सप्रेम नमस्कार. मी सातारा जिल्ह्यातला निवृत्त मुख्याध्यापक, वय ६८. धाकटी लेक पुण्यात नोकरीला आहे, वय २९. तिचं लग्न झालेलं नाही आणि तिला सातवा महिना सुरू आहे. ज्याच्याबरोबर ती राहत होती तो परदेशी निघून गेला, आता फोनही उचलत नाही. थोरला मुलगा आणि सून यांच्या लग्नाला सात वर्षं झाली, त्यांना मूल नाही. ओळखीच्या एका डॉक्टरांनी मार्ग सुचवला आहे. लेकीला सुनेच्या नावानं ॲडमिट करायचं आणि जन्माच्या दाखल्यावर आईवडील म्हणून मुलाचं आणि सुनेचं नाव घालायचं. बाळ घरातच राहील, लेकीचं पुढं लग्न होईल, घराची अब्रू राहील. सून तयार आहे, लेकीला आम्ही समजावू. मला मात्र रात्र रात्र झोप येत नाही. आमच्या काळी असं काही नव्हतं. आता तर सरकारनंच मुलांना आईचं नाव आधी लावायला सांगितलं, म्हणजे बापाची गरजच नाही असं शिकवायचं. देशाची नीती कुठं चालली आहे? मी चूक करतोय का, एवढंच सांगा.
— एक आजोबा

गुरुजी, नमस्कार.

हो, चूक होते आहे. पण अजून झालेली नाही. दोन महिने हातात आहेत, आणि तुम्हाला झोप येत नाही याचाच मला आधार वाटतो. आधी कामाचं बोलते. देशाच्या नीतीचं तुम्ही मनापासून विचारलंय, त्याकडे नंतर येते.

पहिलं त्या डॉक्टरांचं. बाळंतपण सुनेच्या नावावर म्हणजे केसपेपर सुनेचा, आधार कार्ड सुनेचं, रक्तगट लिहिला जाणार तोही सुनेचा. लेकीच्या आजवरच्या सोनोग्राफ्या, तिचं बीपी, तिला कुठलं औषध सोसत नाही, हे सगळं तिच्या स्वतःच्या फायलीत, आणि ती फाईल पुण्यात कपाटात. ऐनवेळी रक्तस्राव सुरू झाला, साताऱ्याला किंवा पुण्याला हलवायची वेळ आली, तर ॲम्ब्युलन्समध्ये कागद एका बाईचे आणि जीव दुसऱ्या बाईचा. असा मार्ग सुचवणाऱ्या डॉक्टरांच्या दारात लेकीला नेऊ नका. ती आज जिथं तपासण्या करते आहे तिथंच, स्वतःच्या नावानं बाळंत होऊ द्या.

दुसरं दाखल्याचं. दवाखान्यात बाळ जन्मलं की नोंदणी कार्यालयाला कळवायची जबाबदारी दवाखान्याचीच असते. खोटं कळवणं हा गुन्हा, आणि त्यात डॉक्टर, तुमचा मुलगा, सून सगळेच येतात. पण शिक्षेची भीती घालून मला तुमचं मन वळवायचं नाही. एवढंच लक्षात घ्या की १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात २०२३ साली बदल झाला. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत शाळाप्रवेश, वाहन परवाना, मतदार यादी, विवाह नोंदणी, सरकारी नोकरी, पासपोर्ट, सगळीकडे जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा पुरावा म्हणून हा एकच कागद चालतो. आपल्या वेळी शाळेचा दाखला हेच प्रमाण होतं. त्यातली चूक दुसऱ्या कागदानं झाकता यायची. या बाळाच्या पायाचा दगडच तो कागद आहे. तो खोटा बसवला तर वरची प्रत्येक वीट खोटी बसणार.

गुरुजी, मी एका माध्यमिक शाळेच्या कचेरीत २६ वर्षं लिपिक होते. तुम्हीही शाळेतल्या मुलांच्या नोंदीचं जनरल रजिस्टर हाताळलंय, म्हणून हे तुम्हाला सांगते. जून महिन्यात एक बाई मुलाला घेऊन खिडकीशी आली. धुणीभांडी करायची. वडिलांचं नाव विचारलं तर खाली बघत राहिली. मागं रांग वाढत होती. मी म्हटलं, "अहो, रकाना रिकामा ठेवता येत नाही." ती म्हणाली, "मग माझ्या भावाचं लावा." आणि मी लावलं. निळ्या शाईत, टाकाच्या वळणदार अक्षरात. मला वाटलं, मी त्या पोराची सोय केली.

पोरगा हुशार निघाला. बारावीनंतर कागदपत्रं काढायला लागला तेव्हा सगळं उघडं पडलं. आईच्या माहेरच्या कागदांत जो माणूस तिचा सख्खा भाऊ, तोच शाळेच्या दाखल्यावर तिचा नवरा. तहसीलच्या खिडकीवर कुणीतरी हसलं. पोरगा माझ्याकडे आला, दाखला टेबलावर ठेवला आणि त्या नावावर बोट ठेवून म्हणाला, "बाई, हे माझे मामा आहेत. हे अक्षर तुमचं आहे ना?" त्याचं नख त्या ओळीवर टेकलेलं होतं. मी काय बोलणार? शाळा सोडल्यावर जनरल रजिस्टरमधलं एक अक्षर बदलायचं तर शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी लागते, हे तुम्हाला ठाऊकच आहे. त्याचं एक वर्ष त्या हेलपाट्यांत गेलं. पण त्याचा राग वर्ष वाया गेल्याचा नव्हताच. शेवटी तो म्हणाला, "रिकामं ठेवलं असतं तरी चाललं असतं."

त्या दिवसापासून मला हे वाक्य विसरता आलेलं नाही. तुमचं पत्र वाचताना तोच पोरगा समोर आला.

आणि रिकामं ठेवता येतं, गुरुजी. कायद्यानं येतं. २०१५ च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका अविवाहित आईच्या प्रकरणात निकाल दिला. ती नोकरी करणारी, स्वतःच्या जोरावर मुलगा वाढवणारी. बचतीच्या कागदांवर त्याचं नाव नॉमिनी म्हणून लावायला गेली तर सांगितलं, वडिलांचं नाव द्या, नाहीतर पालकत्वाचा आदेश आणा. ती कोर्टात गेली. खालच्या कोर्टानं आणि उच्च न्यायालयानं तिला परत पाठवलं, कारण ती वडिलांचं नाव सांगायला तयार नव्हती आणि त्यांना नोटीस काढल्याशिवाय पुढं जायला कोर्टं तयार नव्हती. सर्वोच्च न्यायालयानं दोन्ही निकाल बाजूला सारले. वर असंही बजावलं की एकटी पालक किंवा अविवाहित आई आपल्या पोटच्या मुलाचा जन्मदाखला मागायला आली, तर तिच्याकडून फक्त तसं प्रतिज्ञापत्र घ्यावं आणि दाखला द्यावा.

त्या निकालातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते आणि ती कुणी फारशी सांगत नाही. न्यायमूर्ती त्या आईशी स्वतः बोलले. मुलाला आपला बाप कोण हे कळण्याचा हक्क आहे, हे तिच्या मनावर बिंबवलं. तिनं नाव आणि थोडी माहिती न्यायमूर्तींना दिली. ती त्यांनी लिफाफ्यात घातली, सीलबंद केली, आणि न्यायालयाच्या विशेष आदेशाशिवाय तो कुणी उघडायचा नाही असं ठरवलं. बघा, दोन्ही साधलं. जगाला दाखवायच्या कागदावर आईच्या मर्जीविरुद्ध काही लिहिलं नाही, आणि लेकरासाठी खरं ते नष्टही होऊ दिलं नाही.

तुमच्या घरातही हेच करायचं. दाखल्यावर आईचं नाव म्हणजे तुमच्या लेकीचं नाव. वडिलांची जागा कोरी. आणि लेकीनं, तिचं मन थाऱ्यावर येईल तेव्हा, बाळासाठी एक पत्र लिहावं. बाप कोण, कुठला, कसा भेटला, का गेला, त्याच्या घराण्यात मधुमेह किंवा हृदयविकार असल्याचं कधी ऐकलं होतं का. एखादा फोटो असेल तर तोही. लिफाफा बंद करून बँकेच्या लॉकरमध्ये किंवा विश्वासाच्या माणसाकडे ठेवावा. कडवट शब्द आले तर येऊ देत, पण खरे असू देत. पोर विचारेल त्या दिवशी घरात उत्तर असलं पाहिजे.

हे मी भावनेच्या भरात सांगत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेत याला स्वतंत्र कलमं आहेत. सातव्या कलमात जन्मल्याबरोबर नोंदणी, नाव, राष्ट्रीयत्व आणि शक्य तितकं आपल्या आईवडिलांना ओळखण्याचा हक्क. आठव्यात मुलाची ओळख, नाव, नातीगोती जपण्याची सरकारची जबाबदारी. भारतानं ही संहिता ११ डिसेंबर १९९२ रोजी स्वीकारली. म्हणजे तुम्ही शाळेत हजेरी घेत होतात तेव्हापासून हे वचन देशानं दिलेलं आहे. त्याही आधी, १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यानं विवाहाबाहेर जन्मलेल्या मुलाची नैसर्गिक पालक आधी आई आणि मग बाप, असं लिहून ठेवलं. १९५६ चा तो काळ तुमच्या मते नीतीचाच होता ना?

आता पुण्यातच बाळंतपण झालं तर काय करायचं तेवढं सांगते. जन्म जिथं होतो तिथंच नोंद होते. त्यामुळे गावच्या ग्रामपंचायतीत रजिस्टर कोण चाळेल ही धास्ती सोडा. दवाखान्यात जन्माच्या माहितीचा फॉर्म भरतात, तो लेकीनं स्वतः नीट वाचून सही करावी; घाईत नर्सनं सवयीनं वडिलांच्या रकान्यात काहीतरी लिहिलं असं होऊ शकतं. नोंद २१ दिवसांत व्हायला हवी. उशीर झाला तर तीस दिवसांपर्यंत विलंब शुल्कावर भागतं, त्यापुढं जिल्हा निबंधकांची परवानगी आणि वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश, म्हणून रेंगाळू नका. बाळाचं नाव ठरलं नसलं तरी नोंद अडत नाही, नाव मागाहून घालता येतं. एकटी आई असल्याचं प्रतिज्ञापत्र आधीच तयार ठेवा. खिडकीवरच्या कारकुनानं "साहेबांना विचारावं लागेल" म्हटलं तर २०१५ च्या निकालाची प्रत पुढं करा आणि नकार असेल तर लेखी मागा. लेखी म्हटलं की बहुतेक वेळा काम होतं. मी खिडकीच्या आतल्या बाजूला बसलेली बाई आहे, मला ठाऊक आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे स्त्रियांना उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो, सातारा आणि पुणे दोन्ही जिल्ह्यांत. पासपोर्टची काळजी नको. २०१६ च्या अखेरीपासून अर्जात आई किंवा बाप, एकाचं नाव पुरतं. आणि तो पळालेला बाप सापडलाच तर बाळाच्या पोटगीचा हक्क शाबूत आहे. औरस-अनौरस असा भेद पोटगीच्या कलमात नाही.

मिळकतीचंही एक वाक्य. आज बाळ मुलाच्या नावावर लावलं तर कायद्याच्या नजरेत ते तुमच्या लेकीचं कुणीच नाही. उद्या तिनं पुण्यात फ्लॅट घेतला तर त्यावर तिच्याच पोटच्या पोराचा हक्क शाबीत करायला डीएनए चाचणी. आणि तुमच्या मुलाला पुढं मूल झालं तर तीच चाचणी उलट्या कारणासाठी मागितली जाईल. वाटणीच्या वेळी सख्खी माणसं काय काय उकरून काढतात हे तुम्ही गावात बघितलंच असेल.

आता नीतीचं.

आईचं नाव आधी. महाराष्ट्र सरकारनं १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांसाठी क्रम ठरवला तो असा: मुलाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. बापाचं नाव कुठंही पुसलेलं नाही. ज्या आईचं नाव आजवर नव्हतं ते आलं, एवढंच. आणि ही रीत आजची वाटते का? नाशिकला पांडवलेण्यात तिसऱ्या लेण्यातला शिलालेख आठवा. आपल्या सातवाहनांचा सर्वांत पराक्रमी राजा तिथं गौतमीचा पुत्र म्हणून उभा आहे, आणि तो लेख कोरवून घेणारी त्याची आई गौतमी बलश्री. त्याच्यामागून आला तो वासिष्ठीपुत्र पुळुमावी. तुम्ही इतिहास शिकवला असेल तर 'गौतमीपुत्र' हा शब्द शेकडो पोरांकडून पाठ करून घेतला असेल.

"आमच्या काळी असं नव्हतं" हे वाक्य मात्र मला खरंच टोचलं, कारण ते खरं नाही. असं होतं. फक्त दिसत नव्हतं, आणि दिसू नये म्हणून काय केलं जायचं ते भयंकर होतं. १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. नावच वाचा ना गुरुजी. बालहत्या थांबवण्यासाठी घर काढावं लागलं, कारण सोवळ्या घरांतल्या विधवा फसवल्या जात, बाळ जन्मताच मारलं जाई किंवा टाकलं जाई, आणि घराची अब्रू राहत असे. फुल्यांनी त्या बायकांना सांगितलं, इथं या, गुपचूप बाळंत व्हा, मूल न्या किंवा ठेवा. अशाच एका ब्राह्मण विधवेचं बाळ त्यांनी स्वतः घेतलं. तोच यशवंत.

तुमच्या प्रश्नाशी याचा थेट संबंध आहे. फुल्यांनाही मूल नव्हतं. "हा सावित्रीच्या पोटचा" असं ते सांगू शकले असते, लोकांची तोंडं बंद झाली असती. त्यांनी तसं केलं नाही. यशवंत दत्तक आहे हे सगळ्या पुण्याला माहीत होतं आणि त्याचा त्रासही त्यांनी सोसला. १८८७ साली जोतीरावांनी मृत्युपत्र करून रीतसर नोंदवलं, ते यशवंताचा हक्क पक्का राहावा म्हणून. १८९० साली जोतीराव गेले तेव्हा दत्तक मुलाच्या अधिकारावरून भाऊबंदांनी वाद घातला, तर सावित्रीबाईंनी स्वतः टिटवं, म्हणजे अंत्ययात्रेत पुढं धरायचं मडकं, हातात धरलं आणि पुढं चालल्या. यशवंत डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात हडपसरजवळ ससाणे माळावर त्यानं दवाखाना चालवला, आणि त्याच कामात सावित्रीबाईंना लागण होऊन त्या गेल्या. त्या घरात त्या पोराला काय कमी पडलं?

आणखी एक. १८८१ साली सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेला स्वतःचं तान्हं मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली. पुढं ती कमी झाली. तेव्हाही वर्तमानपत्रांतून हाकाटी उठली की बायकांची नीती बिघडली, समाज बुडाला. त्यावर बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये 'स्त्री-पुरुष तुलना' लिहून विचारलं की सगळे दोष बाईच्याच अंगी कसे? तुमच्या पत्रात तो परदेशी गेलेला माणूस एका वाक्यात येतो आणि जातो, आणि देशाच्या अधोगतीचा हिशोब पोटुशी असलेल्या पोरीच्या नावावर मांडला जातो. मला यात अन्याय दिसतो. तुम्ही वाईट आहात म्हणून नव्हे; आपण सगळेच असा हिशोब मांडायला शिकलो आहोत म्हणून.

नीती घसरलीच असेल तर ती तिकडे, जिथं बाप झालेला माणूस फोन उचलत नाही. आणि घसरेल ती इथं, जिथं चार शहाणी माणसं एका तान्ह्याच्या पहिल्याच कागदावर त्याच्याविषयी खोटं लिहितील. पोरगी मूल जन्माला घालते आहे, यात मला कसलीही घसरण दिसत नाही.

तुमच्या सुनेविषयी मला फार वाटतं. सात वर्षं तिनं काय काय ऐकलं असेल, आणि आता तिला बाळ मिळण्याची आशा दाखवलीत. तिच्याशी सगळ्यांत आधी आणि एकटीशी बोला. हे बाळ तिचं भाचरू असणार आहे, तिनं ते कितीही वेळ मांडीवर घ्यावं. समजा लेकीनंच विचार करून ठरवलं की दादा-वहिनीनं बाळ वाढवावं, तर वकिलाच्या सल्ल्यानं उघडपणे दत्तक द्यावं-घ्यावं, नोंदणीकृत दत्तकपत्र करावं आणि दाखल्यातला बदल त्या आधारावर व्हावा. तसं झालं तर ते मूलही मोठं झाल्यावर सांगू शकेल की मला जन्म कुणी दिला आणि वाढवलं कुणी. आणि दत्तक हवंच असेल आणि घरातून नाही मिळालं, तर सरकारी दत्तक यंत्रणेकडे मुलानं-सुनेनं नाव नोंदवावं. वाट बघावी लागते, पण तो रस्ता सरळ आहे.

गुरुजी, तुमचं पत्र तीन पानांचं होतं, मी इथं थोडकंच छापलं. तिन्ही पानं मी दोनदा वाचली. डॉक्टर काय म्हणाले, मुलगा काय म्हणाला, सून काय म्हणाली, चुलतभावांना काय वाटेल, सगळं आहे. लेक काय म्हणते ते कुठंच नाही. "आम्ही समजावू" एवढंच आहे. तिला सातवा महिना आहे, ती एकटी राहते, पाय सुजत असतील, रात्री कूस बदलता येत नसेल. आज संध्याकाळी तिला फोन करा. दाखल्याचं, लग्नाचं, नावाचं काही काढू नका. जेवलीस का, काय खाल्लंस, एवढं विचारा आणि मग ती बोलेल ते ऐका.